मावशीच्या रिपोर्टात हर-टू ‘२+’ आले आहे. याचा अर्थ काय घ्यावा?

डिचोलीहून:
माझ्या ५८ वर्षांच्या मावशीच्या स्तनातील गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्टात ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) ८० टक्के, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर) ५ टक्के, हर-टू २+ आणि केआय-६७ (किती पेशी वाढीच्या टप्प्यात आहेत तो आकडा) २२ टक्के असे लिहिले आहे. चतुर्थीला घरी जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले की हर-टू म्हणजे आजार झपाट्याने पसरणारा, तर कोणी म्हणाले की ईआर जास्त असल्याने काळजीच नाही. या आकड्यांवरून पुढचे कितपत सांगता येते?

मडगावहून (पॅथॉलॉजी विभागात काम करते):
हर-टू हे पेशीच्या आवरणावरचे, तिला वाढायला लावणारे प्रथिन. २+ म्हणजे त्याचा निकाल अजून लागलेला नाही. नमुन्याला रंग दिल्यावर पेशीच्या आवरणावर गडद, सलग तपकिरी रंग १० टक्क्यांहून अधिक पेशींत दिसला तर आम्ही ३+, म्हणजे पॉझिटिव्ह, लिहितो. ० आणि १+ निगेटिव्ह धरतात. मधल्या २+ साठी त्याच नमुन्यावर फिश तपासणी करून हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, ते मोजावे लागते. या प्रती वाढलेल्या रुग्णांत आजार लवकर उलटतो हे १९८७ मध्ये दाखवले गेले, पण ते हर-टूवर काम करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध येण्यापूर्वीचे चित्र होते. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, त्यामुळे आज जुन्या भीतीने कोणाला घाबरवू नये.

ईआर ८० टक्के असल्याने हार्मोनविरोधी गोळ्या लागू पडण्याची आशा चांगली आहे. मात्र अशा गाठी ५ वर्षांनंतरही उलटू शकतात, म्हणून ‘काळजीच नाही’ हेही खरे नव्हे. केआय-६७ ५ टक्क्यांपर्यंत कमी आणि ३० पासून जास्त मानतात. मधला आकडा दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळा मोजू शकतात, तेव्हा २२ वर फार विसंबू नका. गाठीचा आकार, ग्रेड (पेशी मूळ रूपापासून किती बदलल्या आहेत) आणि काखेतील गाठी यांचा उल्लेख आहे का?

फोंड्याहून:
माझ्या आईचेही २+ आले होते. फिशसाठी ब्लॉक न्यावा लागला: जाळीच्या प्लास्टिक डबीवर बसवलेला मेणाचा छोटा तुकडा, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. तो रिपोर्टावरच्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा; आमच्या कागदावर एक अंक चुकला होता आणि त्यात आठवडा गेला. शिवाय मेण आहे, स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

डिचोलीहून:
दोघांचेही आभार. गाठ २.४ सेंटिमीटर आणि ग्रेड २ आहे. काखेतील गाठींचे ऑपरेशननंतर कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सोमवारी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जाताना आधी फिशचेच विचारतो.