मदत हवी आहे: कोर्ट मॅरेजची नोटीस घरी जाते का?

उशिराची_लोकल: नोटीस घरी जाते का, एवढंच सांगा. घरी त्याची जात कळलीय, स्थळं सुरू झालीत, १४ तारखेला एक जण बघायला येतोय. उपदेश नको, लवकर सांगा.

काळाकोट: धर्म? वयं? राहता कुठे? मुंबई हा एक जिल्हा नाही. माहीम-शीवपर्यंत शहर, पुढे दहिसर-मुलुंडपर्यंत उपनगर.

मोगरा: पत्रिका पाहिली का? एक नाड निघाली तर जातीचं नंतर बघा.

उशिराची_लोकल: पत्रिका पाहायचीच नाहीये. मी डोंबिवली, तो परळ.

शिक्कामोर्तब: कोर्ट मॅरेज म्हणजे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४. दुसरा विचारच नको. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य लागतं, म्हणजे त्याच्या पत्त्यावर मुंबई शहरच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. घरी पाठवायची तरतूद कायद्यात नाही, ऑफिसच्या बोर्डावर लागते. ३० दिवसांनी तीन साक्षीदार घेऊन जा. तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद.

काळाकोट: अर्धंच सांगितलंत. मुलगी कायमची डोंबिवलीची, म्हणून एक प्रत ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या बोर्डावरही लागते. 'जात पसंत नाही' ही हरकत चालत नाही, हे खरं. पण घरच्यांना हरकत कुठे घ्यायचीय, त्यांना पत्ता हवा असतो. अहो, धर्म सांगा ना.

उशिराची_लोकल: तो बौद्ध, आम्ही मराठा.

काळाकोट: मग नोटिशीचं काय काम? हिंदू मॅरेज अ‍ॅक्ट, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. आधी विधी, मग परळच्या एफ दक्षिण वॉर्डात नोंदणी. विधी कुठल्याही एका बाजूच्या रीतीचा चालतो, विहारात लावलंत तरी हरकत नाही. लावणाऱ्याची सही नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे नमुना 'ड'वर घ्या, फोटो काढा, ९० दिवसांच्या आत नोंदवा. विधीशिवाय 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीला अर्थ नाही, सुप्रीम कोर्टानं २०२४ साली तेच सांगितलंय.

शिक्कामोर्तब: असं घाईत उरकलेलं लग्न दिसलं की घरचे 'पळवून नेली' म्हणत पोलिसांत जातात. नोटिशीचं लग्न भक्कम.

मोगरा: स्पेशलमध्ये एकत्र कुटुंबातला हिस्सा तुटतो म्हणे!

काळाकोट: हिंदू-बौद्ध जोडप्याचा नाही तुटत. कलम २१-अ वाचा.

वरणभात: आंतरजातीयला राज्य सरकारचे ५०,००० रुपये मिळतात. जातीचे दाखले, दोन प्रतिष्ठितांची शिफारसपत्रं आणि जोडखातं तयार ठेवा.

उशिराची_लोकल: पैसे कोणी मागितले? आईनं माझे दाखले कपाटात कुलपात ठेवलेत, त्याचं बोला.

दुसरी_प्रत: जन्मदाखल्याची प्रत महापालिकेतून पुन्हा मिळते, शाळा सोडल्याच्या दाखल्याची शाळेतून. दहावीची मार्कशीट डिजिलॉकरवर असते, पण ओटीपी आधारच्या नंबरवर जातो. तो नंबर बाबांचा आहे का?

उशिराची_लोकल: हो. अरे देवा.

दुसरी_प्रत: मग सगळ्यात आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. बोटांचे ठसे देऊन होतं, जुन्या नंबरच्या ओटीपीची गरज नाही. निघायच्या दिवशी डोंबिवलीच्या आणि परळच्या पोलीस ठाण्यात पत्र द्या: सज्ञान आहे, स्वखुशीनं जातेय. वयाचा पुरावा जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. धमकी आली तर ११२.

काळाकोट: वयं अजून सांगितली नाहीत.

उशिराची_लोकल: मी २२. त्याला १९ नोव्हेंबरला २१ पूर्ण होतील.

काळाकोट: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! लग्नाच्या दिवशी मुलाला २१ पूर्ण हवीत. स्पेशलमध्ये आधी लावलंत तर लग्नच रद्दबातल. हिंदूमध्ये तसं होत नाही, पण वॉर्डात नोंदणी अडते आणि बालविवाहाचा गुन्हा विनाकारण मागे लागतो.

शिक्कामोर्तब: तोवर सात आठवडे आहेत. तेवढ्यात नोटिशीचे ३० दिवस आरामात...

काळाकोट: पुन्हा तेच!

उशिराची_लोकल: पण १४ तारखेचं काय करू?

दुसरी_प्रत: बघायला येणं म्हणजे लग्न नव्हे. पोहे करा, पसंती कळवायला वेळ मागा. आधार केंद्र १३ला गाठा.