पाळीतले दुखणे आजाराचे आहे, अशी शंका आपल्याला कशावरून आली?

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोषांवर, ओटीपोटाच्या आवरणावर किंवा आतड्यांवर वाढते, त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे साधारण १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना तो आहे. माझे निदान होईपर्यंत नऊ वर्षे गेली. पाळीच्या दोन दिवस आधीपासून कंबर आणि मांड्या भरून येत, पाळी संपल्यावरही ओटीपोट ठणकत राही, आणि गोळ्यांनी जेमतेम दोन तास बरे वाटे. तरीही "पाळीत दुखायचेच" हे वाक्य इतरांपेक्षा मीच स्वतःला अधिक वेळा ऐकवले. आपल्याला पहिली शंका कशावरून आली, ते सविस्तर लिहावे. औषधांची नावे टाळावीत.

नाशिक, वय ३४

माझे दुखणे पोटात नव्हतेच. ते शौचाच्या वेळी होते. सुरी फिरवल्यासारखी कळ येई, म्हणून दोन वर्षे मूळव्याधीचे उपचार झाले आणि इसबगोलाचे किती डबे संपले याची गणती नाही. दुधाचा हिशेब मांडायच्या कॅलेंडरवर मी सहज कळांचे दिवसही फुलीने नोंदवू लागले, आणि चौथ्या महिन्यात लक्षात आले की सगळ्या फुल्या पाळीच्या तारखांभोवतीच गोळा झाल्या आहेत. ते कॅलेंडरच खिळ्यावरून काढून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले. आधीची सोनोग्राफी निर्दोष होती, पण एमआरआयमध्ये गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या जागेत गाठ दिसली. साध्या सोनोग्राफीत हा आजार पुष्कळदा दिसत नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते, आणि अहवाल निर्दोष आल्यामुळे घरच्यांना माझे दुखणे मानसिक वाटू लागले होते. त्या आजारापेक्षा मला हे अधिक लागले.

पुणे, वय ३१

माझा अनुभव उलटा आहे. मला पाळीत फारसे कधी दुखलेच नाही. लग्नानंतर तीन वर्षे गर्भ राहिला नाही म्हणून तपासण्या झाल्या, तेव्हा डाव्या बीजकोषात ५ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. जुने, घट्ट, तपकिरी रक्त साठलेले असते म्हणून तिला हे नाव. ते ऐकून मी तेवढ्यातही हसले होते. दुखण्याची तीव्रता आणि आजाराचा पसारा यांचा मेळ बसेलच असे नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावले. सिस्ट काढताना बीजसाठाही कमी होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी त्यांनी एएमएच तपासणी, म्हणजे बीजसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घेतली.

कोल्हापूर

सिझेरियननंतर दीड वर्षाने टाक्यांच्या कडेला सुपारीएवढी गाठ हाताला लागू लागली. पाळी आली की ती सुजे, दुखे, आणि आठवड्याभरात शांत होई. आधी हर्निया असावा असे वाटले. गाठ काढून तपासणीला पाठवली तेव्हा टाक्यांच्या व्रणातला एंडोमेट्रिओसिस असल्याचे कळले. दर महिन्याला तीच सूज येत होती, तरी पाळीशी तिचा संबंध मला सुचला नव्हता.

नाव, गाव लिहीत नाही

संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखत असे. ते मी पाच वर्षे लपवले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट विचारल्यावरच सांगितले. हेही एक लक्षण आहे, एवढेच सांगायचे आहे.

सातारा, एका पंधरा वर्षांच्या मुलीची आई

मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडवते, उलट्या होतात, गरम पाण्याची पिशवी सोडत नाही. सासूबाई म्हणतात, "लग्न झाले की थांबेल." माझ्या आईनेही मला हेच सांगितले होते. वरचे अनुभव वाचून तिला घेऊन गेले. आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर तो होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांनी तिच्याआधी मलाच विचारले, "तुमची पाळी कशी असते?" सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच कुणी विचारला होता, आणि उत्तर देताना लेक माझ्याकडे टक लावून पाहत होती. मंगळवारी आम्हा दोघींची सोनोग्राफी आहे.