नवजात पुनरुज्जीवन प्रशिक्षण: आत्मविश्वासाचा आकडा पुरावा म्हणून धरावा का?

प्रसूतीकक्ष:
नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून देशात चालू आहे. दोन दिवस प्रशिक्षण, बाहुलीवर अंबू बॅगचा (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून हाताने दाबायची, हवा देणारी पिशवी) सराव. आमच्या बॅचला शेवटी एक फॉर्म असतो: न रडणारं बाळ हाताळण्याचा आत्मविश्वास १ ते ५ मध्ये किती? जवळपास सगळ्याजणी ४ किंवा ५ वर खूण करतात, आणि तेच अहवालात 'यश' म्हणून जातं. याला माझा विरोध आहे. ५ लिहिलेल्या सिस्टरच्या हाती लगेच बॅग द्या. मास्क हनुवटीपाशी सैल, हवा बाजूने निसटते, छाती हलत नाही. तिला ते कळतही नाही, कारण नजर बॅगेवर असते.

टांझानियातल्या हायडम रुग्णालयाचा २०१३ चा अभ्यास बघा. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने बाहुलीवरची कामगिरी सुधारली, पण काही महिन्यांनी खऱ्या बाळांच्या हाताळणीत फरक दिसला नाही. मग नुसत्या खुणेवर कसा विश्वास ठेवायचा?

रात्रपाळी:
अजिबात पटलं नाही. उपकेंद्रात रात्री एएनएम (गावपातळीवरची परिचारिका) एकटी असते. बाळ निळं पडलंय आणि हिची हिंमत होत नसेल, तर ते पहिलं मिनिट डॉक्टरांना फोन लावण्यातच जातं. येत नाही म्हणून हात आखडतो असं नाही, 'काही झालं तर माझ्यावर येईल' म्हणून आखडतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं आणि त्यांनी घरच्या बाळंतपणात गुदमरलेल्या बाळांना श्वास दिला. आपल्याला जमेल ही खात्री नसती, तर त्यांनी बाळाला हात तरी लावला असता का?

आकडेमोड:
मोजा, पण प्रश्न तरी नीट विचारा. 'आत्मविश्वास आहे का' म्हटलं की सगळे हो म्हणतात. 'छाती वर येत नसेल तर पुढचं पाऊल कुणाला न विचारता उचलाल का?' असं विचारलं की पेन थांबतं. आणखी एक. जिथे प्रशिक्षणाआधीही विचारतात, तिथे आधी ४ लिहिणारी बाई नंतर कधी ३ लिहिते, कारण आपल्याला काय येत नव्हतं ते तिला आत्ता समजलेलं असतं. अहवालात ती घसरण दिसते. मी तिला शिकल्याची खूण मानतो.

प्रसूतीकक्ष:
रात्रपाळी, भीतीचं म्हणणं मान्य. पण आरोग्यदूतांचं काम तपासायला पर्यवेक्षक नियमित गावात यायचे, ते सोडून नुसती खात्री कशी उचलता येईल? मास्क चुकीचा धरून ठाम असलेल्या सिस्टरची मला जास्त काळजी वाटते. ती मदतीला हाक मारत नाही.

रात्रपाळी:
मग बाहुली लेबर रूममध्ये ठेवा ना! आमच्याकडची तालुक्याच्या कपाटात कुलूपबंद आहे. हायडममध्येच पुढे थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांतले बाळमृत्यू घटले. फॉर्म मात्र राहू द्या. १ लिहिणारी कोण ते त्यातूनच कळतं, तिला लगेच एकटीला रात्रपाळी लावू नये.

प्रसूतीकक्ष:
फॉर्मवर नाव असेल आणि तो वरिष्ठांकडे जाणार असेल, तर १ कोण लिहिणार?

आकडेमोड:
नावाचा फॉर्म प्रशिक्षकाकडेच राहू द्या, वर फक्त बेरीज पाठवा. आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा, त्याच दिवशी बाहुलीवर बॅग चालवायला लावून. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ज्यांची खात्री ५ आणि छाती हलत नाही, त्यांच्याकडे आधी जा.