मदत हवी आहे: 'मला मारा म्हणा' ऐकणाऱ्यांना कसं समजवायचं?

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय बोलीभाषेत आणतोय, मोठ्याने वाचण्यासाठी. त्यामुळे तळटीप चालणार नाही. अडलोय 1:20 वर, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनावर. नवरा नि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेली नामी बायकांना म्हणते, मला नामी नको, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, सुखद. मारा म्हणजे कडू. मूळ हिब्रूत पुढच्याच वाक्यात त्याच धातूचं क्रियापद येतं: सर्वसमर्थाने माझं फार कडू केलं. सगळी गंमत या जोडीत आहे.

मराठीत 'मला मारा म्हणा' वाचलं की लोक हसतात! 'मारा, म्हणजे कडू' असं घालून पाहिलं. शोक जातो, शब्दकोश उरतो. 'गोडाबाई नको, कडूबाई म्हणा' कानाला झकास, शिवाय दोन्ही आपल्याकडची खरी नावं. पण शेजारी तिच्या सुना रूथ, अर्पा तशाच राहतात, आणि बाई एकदम मराठवाड्यातली वाटते. नावं सरसकट बदलायची नाहीत, ही अट आहे.

हिब्रू येणाऱ्यांना आणखी एक: बायबलच्याच निर्गम पुस्तकात 15:23 मधलं कडू पाण्याचं मारा शेवटी 'हे' अक्षराने लिहितात, इथे मात्र 'आलेफ' आहे. त्याने अर्थात काही फरक पडतो का? आणि नाव मूळचं ठेवून कडूपणा त्याच वाक्यात ऐकू येईल, अशी रचना कोणाला सुचते का?