मोबियस वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सरांनी वर्गात एक पान दाखवलं. उंच टोपी घातलेला एक माणूस टेरोडॅक्टिलसारख्या पाखरावर बसून ओसाड मुलुखावरून चाललाय. अख्ख्या पानावर शब्द एकही नाही. चित्रकाराचं नाव मोबियस. घरी येऊन शोधलं तर कळलं, खरं नाव ज्याँ जिरो, फ्रेंच, आणि हाच गृहस्थ ‘जिर’ या सहीने काउबॉयची कॉमिक्सही काढायचा! फ्रेंच येत नाही, इंग्रजी चालेल. खिशात महिन्याला हजार-दीड हजार. आधी काय घेऊ? माणूस कसा होता तेही वाचायला आवडेल.

दुपारचा_चहा
द इन्कल. विषय संपला.

शाईचे_डाग
चहाराव, विषय एवढ्यात संपत नाही हो. इन्कल थोर आहेच, पण तिथे गोष्ट जोडोरोव्स्की या लेखक-दिग्दर्शकाची आणि ती सुसाट पळते. चित्र शिकायला आलेला मुलगा गोष्टीच्या मागे धावेल आणि चित्रं मागे राहतील.

कोरा_कागद, आधी तुमच्या ‘हाच गृहस्थ’चं सांगतो, वाचनाचा क्रम त्यावरच ठरेल. जन्म 1938, पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्नचा. आईवडील लवकर वेगळे झाले, पोरगा वाढला आजीआजोबांकडे. पुढे आई मेक्सिकोत होती. 1955च्या सुमारास कलाशाळा अर्धवट टाकून हा तिकडे गेला आणि काही महिने राहिला. तिथलं वाळवंट आणि सपाट आभाळ याच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही. त्याचं कुठलंही पुस्तक उघडा, दहा पानांत वाळू येतेच.

मग लष्करातली सक्तीची सेवा, त्यातला काही काळ अल्जीरियात. परतल्यावर जिजे या बेल्जियन चित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी, त्याच्या काउबॉय-कथेवर शाई चढवायचं काम. 1963 साली ‘पिलोत’ साप्ताहिकात ब्लूबेरी सुरू झालं, तीच ‘जिर’ सहीची काउबॉय-मालिका. लेखक ज्याँ-मिशेल शार्लिए. नायकाचा चेहरा सुरुवातीला बेलमोंदो या नटावरून उचललेला. वाकडं नाक बघा, लगेच ओळखू येईल. त्याच सुमारास ‘आराकिरी’ मासिकात तो मोबियस नावाने छोट्या तिरकस कथा काढत होता. गणितातली ती पीळ दिलेली पट्टी आठवा, जिची एकच बाजू असते. नाव तिथलं.

ब्लूबेरीला बहुतेक ब्रश, मोबियसला बहुतेक पेन. मला विचाराल तर त्याची सगळी कारकीर्द या दोन हातांची ओढाताण आहे. म्हणून माझा सल्ला: दोन्ही हातांचं एकेक पुस्तक शेजारी ठेवून वाचा. एकटा मोबियस वाचलात तर तो आभाळातून पडल्यासारखा वाटेल. पण ते वाळवंट, ते घोडे आधी बारा वर्षं दर आठवड्याच्या मुदतीत घासून झाले होते.

घाटमाथा
शाईचे_डाग यांना +१. ब्लूबेरीतलं हरवलेल्या जर्मनाच्या खाणीचं प्रकरण आणि त्याचा पुढचा भाग, सोन्याच्या गोळ्यांचं भूत, हे दोन मिळवाच. दोन्ही 1972चे. फक्त जुन्या इंग्रजी आवृत्त्यांच्या किमती बघून घाम फुटतो. माझ्याकडे फ्रेंचच आहेत, भाषा येत नसताना घेतल्या. निम्मी गोष्ट कळली नाही, तरी रात्री दोनपर्यंत जागलो.

कोरा_कागद
आणि ते पाखरू?

शाईचे_डाग
ते अर्झाक. डिसेंबर 1974मध्ये जिरो, द्रुइए, दिओने आणि फार्कास या चौघांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तिचं मासिक ‘मेताल उर्लां’, म्हणजे किंचाळणारा धातू. जानेवारी 1975पासून. अर्झाक त्यातच आलं. संवाद नाहीत, मूळ पानावरच थेट रंग, आणि दर भागात नावाचं स्पेलिंग वेगळं! शोधताना हे लक्षात असू द्या, नाहीतर सापडायचं नाही. तुमची भाषेची अडचण इथे उरतच नाही. जपानचे ॲनिमेशनपटकार मियाझाकीही यावर फिदा होते. मोबियसने पुढे मुलीचं नाव नाउसिका ठेवलं, मियाझाकींच्या नायिकेवरून.

एअरटाइट गॅरेज मात्र आत्ता नको. आराखडा न करता, दर अंकाला थोडी थोडी पानं सुचेल तशी काढलेली गोष्ट आहे ती. मी तीनदा सुरू केली, तिसऱ्यांदा पोचलो.

रिकामी_खुर्ची
सिनेमावाल्यांसाठी: द लाँग टुमॉरो ही छोटी कथा चुकवू नका. जोडोरोव्स्कीच्या ड्यून या सिनेमासाठी पॅरिसमध्ये जमलेल्यांपैकी डॅन ओबॅननने ती लिहिली. तो सिनेमा कधी झालाच नाही. पण त्या कथेतलं खोल खड्ड्यासारखं खचाखच शहर दिग्दर्शक रिडली स्कॉटला आवडलं आणि ब्लेड रनरमध्ये त्याची सावली पडली. एलियनमधले अंतराळवीरांचे पोशाखही मोबियसचे.

दुपारचा_चहा
बरं बाबांनो, हरलो. पण इंग्रजीत आज सहज मिळतं ते इन्कल आणि द वर्ल्ड ऑफ एडेना, हे तर मान्य कराल? अर्झाक शोधेपर्यंत पोरगं पास होऊन जाईल.

शाईचे_डाग
मान्य. मग खर्च एडेनावर करा, दोन महिन्यांचे पैसे साठवून. 1983 साली सित्रोएन या मोटार कंपनीसाठी काढलेल्या जाहिरातकथेतून ती मालिका उगवली, म्हणून पहिल्या भागात परग्रहावर जुनी सित्रोएन धावते. रेषा तिथे एकदम स्वच्छ होते, हॅचिंग, म्हणजे सावलीसाठीच्या बारीक समांतर रेघा, जवळजवळ गळून पडतं. किती कमी रेषांत अंतर दाखवता येतं ते बघा. कच्चं अन्न खाण्याचं त्याचं तेव्हाचं खूळही गोष्टीत घुसलंय. तेवढं सोसायचं.

आणि माणूस कसा होता, यासाठी शेवटी इनसाइड मोबियस. गांजा सोडायचं ठरवलं तेव्हा सुरू केलेली चित्रमय रोजनिशी. वाळवंटात म्हातारा जिरो, तरुण जिरो, ब्लूबेरी आणि अर्झाक एकमेकांशी हुज्जत घालतात. चित्रं भराभर खरडलेली, पण 2012मध्ये गेलेला माणूस अजून बोलतोय असं वाटतं. इतर पुस्तकं वाचल्याशिवाय उघडू नका, निम्मे विनोद वाया जातील.

घाटमाथा
आणि नुसतं वाचू नका. एक पान उतरवून बघा, आधी ब्रशने, मग पेनाने.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार. एडेनासाठी पैसे साठवतोय. तोवर सरांकडून त्या पानाची झेरॉक्स आणली आणि उतरवायला बसलो. तीन रात्री झाल्या, अजून पाखराचं पोटच चाललंय.