समुद्र ओलांडण्याआधी आपला खंड पाहायचाय, १२ दिवसांत कुठे जावं?

पायवाट
बाबा (वय ६६) शाळेत भूगोल शिकवायचे. तेहतीस वर्षं फळ्यावर आशियाचा नकाशा काढला, पण देशाबाहेर एकदाही पाऊल पडलं नाही. आता आम्ही दोघं जाणार आहोत. नातेवाईक म्हणतात, जायचंच तर युरोपला जा. बाबा म्हणतात, आधी आपला खंड. रजा १२ दिवसांची, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. साठवलेल्या पैशांत बसवायचंय, कर्ज काढणार नाही. गुडघे बरे आहेत, पण रोज शंभर पायऱ्या नकोत. त्यांचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय, माझा नवा आहे.

निळीशाई
युरोपच करा. आम्ही सासूबाईंना नेलं, हप्ते बांधून घेतले, दोन वर्षांत फिटलेसुद्धा. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, तिथपर्यंत आगगाडीत बसून जाता येतं. बर्फ बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रजा १८ दिवसांची काढा.

तांबडमाती
त्यांनी आशिया विचारलाय हो. पायवाट, कंबोडियातलं 'अंगकोर वाट' बघा. बाराव्या शतकात दुसरा सूर्यवर्मा या राजाने विष्णूसाठी बांधलेलं मंदिर आहे. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे, पश्चिमेकडे कुरुक्षेत्र. मी त्या मंथनासमोर दीड तास उभी होते. सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार खडा आहे, तो सोडा; ओवऱ्या खालच्या पातळीवर आहेत. नोव्हेंबरात पाऊस ओसरतो. चार दिवस फक्त अंगकोरला द्या.

दक्षिणवारा
व्हिएतनाम! हनोई ते हो चि मिन्ह सिटी रेल्वे, १,७२६ किलोमीटर, तीस तासांहून जास्त. भूगोलाच्या माणसाला खिडकीतून अख्खा देश दिसेल. मात्र तुमच्या तारखांना मधला किनारा टाळा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत होई आनला गेलो आणि नदी रस्त्यावर आली. आपल्याकडे पाऊस संपला म्हणून तिकडेही संपला असेल, हे मी गृहीत धरलं होतं. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जोर असतो. हॉटेलवाल्याने एका रात्रीचेही पैसे परत दिले नाहीत, अजून राग येतो.

मोजपट्टी
शीर्षकात 'समुद्र ओलांडण्याआधी' लिहिलंय. मग श्रीलंका, जावा, जपान हे आशियात असूनही बाद का? आणि युरोपला तर जमिनीवरूनही जाता येतं.

निळीशाई
तेच तर मी म्हणतेय. युरोप आणि आशिया एकच भूखंड आहे. उरल पर्वताची सीमा माणसांनी ठरवलेली. म्हणजे युरोपही आपलाच.

मोजपट्टी
एवढं ताणू नका. पण मधला मार्ग हवा असेल तर इस्तंबूल. शहराच्या मधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीखालून मार्माराय नावाची आगगाडी २०१३पासून धावते, काही मिनिटांत आशियातून युरोपात.

कागदीघोडा
कुणीच पासपोर्टबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. फेब्रुवारीत संपणाऱ्या पासपोर्टवर ऑक्टोबरअखेर निघू नका. आग्नेय आशियातले बहुतेक देश पोचल्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत मागतात. माझ्या पासपोर्टला पाच महिने उरले होते. विमानतळावर काउंटरवरूनच मागे फिरवलं. बायको आणि मुलगीही गेल्या नाहीत, तिघं बॅगा घेऊन घरी आलो. मुलगी टॅक्सीत एक शब्द बोलली नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधीही नवा काढता येतो. आजच अर्ज करा, बाकी चर्चा नंतर.

चांदवेल
उझबेकिस्तानातलं समरकंद कसं सुचलं नाही कुणाला? ऑक्टोबरअखेर हवा छान असते, उन्हाळ्यात चाळिशीपार जाते. ताश्कंदहून जलद रेल्वेने दोन-सव्वादोन तास. तिथला खगोलप्रेमी राजा उलुग बेग, त्याची पंधराव्या शतकातली वेधशाळा बघा, जमिनीत उतरलेला तिचा प्रचंड कोनमापक शिल्लक आहे. सवाई जयसिंहाने जंतरमंतर उभारताना त्याच परंपरेतून घेतलं. जमीन सपाट, पायऱ्या कमी. नेपाळ वगैरे सुचवू नका कुणी, ते काही परदेशात धरत नाहीत.

दक्षिणवारा
समरकंद छान असेल, पण व्हिएतनामची रेल्वे ती रेल्वे. आणि हो, पासपोर्टची मुदत तपासा, सहा महिने लागतात.

कागदीघोडा
तेच लिहिलंय वर.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पासपोर्टचा अर्ज काल भरला, कागदीघोडा, तुमच्यामुळे. ते लक्षात राहिलं नसतं.

पण ठरलंय नेपाळ. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली, आणि तिथली सीमेवरची कमान चालत ओलांडायची. बाबा म्हणाले, "विमानातून उतरलं की दुसऱ्या देशात आपोआप असतो आपण. मला सीमा पायाखाली यायला हवी." पुढे लुंबिनी, तिथला अशोकस्तंभ, मग पोखरा, शेवटी काठमांडू आणि पाटण. त्या दिवसांत आकाश स्वच्छ असतं, अन्नपूर्णेची रांग दिसावी अशी फार इच्छा आहे. अंगकोर त्यांनी पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवलंय. युरोपचं नाव वहीत नाही, निळीशाई, राग मानू नका.

तांबडमाती
अंगकोर वहीत आहे, मला पुरे. काठमांडूत स्वयंभूनाथ स्तूपाला पूर्वेच्या ३६५ पायऱ्या चढवू नका, मागच्या बाजूने गाडी बरीच वर जाते.

कागदीघोडा
नेपाळला मतदार ओळखपत्रही चालतं. पासपोर्ट उशिरा आला तरी सहल रद्द करू नका, बाबांचं कार्ड शोधून ठेवा.

मोजपट्टी
कमान ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

पायवाट
हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "८६ अंश १५ मिनिटं पूर्व, गौरीशंकर शिखराचं रेखावृत्त." दरवर्षी वर्गात शिकवायचे म्हणे. घड्याळ कमानीपाशी स्वतःच्या हाताने लावणार आहेत.