दम्याच्या अटॅकमध्ये साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम एकाच नेब्युलायझरमध्ये?

प्रश्न: मोठ्या माणसाला दम्याचा तीव्र अटॅक आला, तर दोन्ही औषधं नेब्युलायझरच्या (औषधाचं धुकं करणाऱ्या यंत्राच्या) एकाच कपात घालावीत की एकापाठोपाठ द्यावीत? किती वेळा?

उत्तर १: एकत्रच द्या. साल्ब्युटामॉल २.५ ते ५ मिग्रॅ आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी, तीनदा. साल्ब्युटामॉल पाचेक मिनिटांत श्वासनलिकेचे स्नायू सैल करतं. इप्राट्रोपियम व्हेगस नर्व्हचा (मेंदूकडून श्वासनलिकेकडे येणाऱ्या नसेचा) आवळणारा संदेश अडवतं, पण त्याला १५-३० मिनिटं लागतात, म्हणून ते एकटं कधीच पुरत नाही. नेब्युलायझर चालवणारा ऑक्सिजन मिनिटाला ६-८ लिटरवर ठेवा. कपात एकूण ४-५ मिली हवं. कमी पडलं तर नॉर्मल सलाइन घाला, साधं पाणी अजिबात नाही, त्याने नळ्या आणखी आवळतात.

उत्तर २: मास्क नाकाशी सैल बसला की इप्राट्रोपियमचं धुकं थेट डोळ्यांत जातं. बाहुली मोठी होते, धूसर दिसतं, काचबिंदूवाल्याच्या डोळ्यातला दाब चढू शकतो. शक्य तिथे माउथपीसच वापरा.

तयार रेस्प्यूल (एका डोसची प्लास्टिकची कुपी) फोडण्याआधी लेबल नीट वाचा. कित्येकांत इप्राट्रोपियमसोबत लेव्होसाल्ब्युटामॉल (साल्ब्युटामॉलचंच एक रूप) १.२५ मिग्रॅ आधीच असतं. त्यावर वेगळं साल्ब्युटामॉल टाकलं की डोस दुप्पट, मग हात थरथरतात, धडधड वाढते.

उत्तर ३: आणि स्टेरॉइड पहिल्या तासातच सुरू करा! नेब्युलायझर आवळलेले स्नायू सोडवतो, नळ्यांची सूज तशीच राहते.